आधी गाडी बघायची, मग मुलगा

पेणच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी नुकताच बसायला लागलो होतो. एक दिवस दुपारी एक म्हातारेबुवा आले, टोपी काढून घाम पुसला, आणि डोंगराकडच्या एका गावाचं नाव घेऊन विचारलं, "तिकडं गाडी जाते का?"

"जाते. दुपारची गेली, आता संध्याकाळी."

"आज नाय जायाचा मला. रोज जाते का?"

"रोज जाते."

"पावसात?"

"रस्ता धड राहिला तर पावसातही जाते."

"म्हंजे भरवसा नाय," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि बाकावर बसलेल्या बायकोला तिथूनच ओरडून सांगितलं, "चल गो! नाय जमायचा. दुसरा पोरगा बघू."

मी नुसता बघत राहिलो. मागे आमचे मोठे कंट्रोलर बशीत चहा ओतून पीत होते. ते म्हणाले, "नवीन आहेस म्हणून सांगतो. आत्ता तू एक लग्न मोडलंस."

आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. मुलीला स्थळ सांगून आलं की घरातली जाणती बाई, आई म्हणा, आत्या म्हणा, आधी एकदा गाडीने मुलाच्या गावी जाऊन यायची. मुलाकडच्यांना कळवायचं नाही, त्यांच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. गाडी वेळेवर सुटते का, फाट्यावर उतरून चालायचं किती, वाटेत ओढा आहे का, परतीची गाडी चुकली तर बाईमाणसाला टेकायला जागा आहे का, एवढं बघायचं आणि परत यायचं. याला "गाडी बघणं" म्हणत. आधी गाडी बघायची, मग मुलगा. कारण विचारलं तर बायका सांगत, मुलगा आज वाईट असला तर उद्या सुधारेल, आज चांगला असला तर उद्या बिघडेल; वाट मात्र आहे तशीच राहते. आणि गाडी बघायला निघण्याआधी चौकशीच्या खिडकीवर येऊन माहिती घ्यायची, हे त्याचं पहिलं पाऊल. त्यामुळे कोणाच्या घरात कुठलं स्थळ आलंय ते पेणमध्ये भटजींच्याही आधी मला कळे.

माझी नोकरी वाहतूक नियंत्रकाची. लोक कंट्रोलर म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, हा माणूस खिडकीत बसून माइकवर ओरडतो, एवढंच याचं काम. खरं काम असं, की गाडी आली की तिला फलाट द्यायचा, ड्रायव्हर-कंडक्टर जागेवर आहेत का बघायचं, त्यांच्या कागदावर वेळ टाकायची आणि तिला सोडायची. एखादी गाडी वाटेत बंद पडली, तर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना काय सांगायचं ते ठरवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. गाडी येणार नाही हे सांगायलाही एक पद्धत लागते. "येणार नाही" म्हटलं तर लोक चिडतात. "रामवाडीहून निघालेली नाही अजून" म्हटलं तर तेच लोक ड्रायव्हरची काळजी करू लागतात.

मी निडीजवळच्या एका गावचा. घरात भात आणि त्यामागून वाल, याखेरीज काही पिकवलेलं नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि पदवी घेतलेला गावातला पहिला. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. माझ्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी स्वतःच्या मुलाची पुस्तकं मला दिली, पेणमधल्या एका लांबच्या आत्याने मला कॉलेजची सगळी वर्षं जेवू घातलं, म्हणून ते झालं. मी बी.ए. झालो भूगोल घेऊन. भूगोल का, तर त्या वर्गात मुलं कमी होती आणि सर प्रत्येकाला नावानं ओळखत.

शेवटच्या वर्षी नागरी भूगोलाचा एक भाग होता. "मोठे शहर कशास म्हणावे?" हा त्यातला हमखास येणारा प्रश्न. पुस्तकातलं उत्तर आम्ही घोकलं होतं. वस्ती लाखावर गेली की पहिल्या वर्गाचं शहर, दहा लाखांवर गेली की महानगर. सर ते ऐकून घेत आणि म्हणत, "बरोबर आहे, गुण मिळतील. पण हा आकडा झाला. आता शहर सांगा."

मग ते समजावत. शहर म्हणजे ज्याच्याकडे माणसांची पावलं वळतात ते. मिठाला वळतात, औषधाला वळतात, कोर्टाला, कॉलेजला, दागिन्याला. जितक्या लांबून येतात आणि जितक्या निरनिराळ्या कामांसाठी येतात, तितकं ते शहर मोठं. "आणि हे पुस्तकात बघू नका," सर म्हणायचे. "एसटी स्टँडवर जाऊन बसा. कुठून गाड्या येतात, कोण उतरतं, कशाला आलंय, ते विचारा."

त्यांनी आम्हाला खरोखरच पेणच्या स्टँडवर नेलं. मी वही घेऊन एका बाईला विचारलं, "आजी, कुठून आलात? कशासाठी आलात?" ती म्हणाली, "तुला रे कशाला पंचायत? पोलीस हायेस का जावय हायेस माझा?" सर मागे उभे राहून पोट धरून हसत होते.

पुढे एम.ए. करावं, मोठ्या विद्यापीठात जावं, असं मनात होतं. सरांनी शिफारसही केली होती. पण घरी धाकटी भावंडं होती आणि त्याच सुमारास नोकरीचा कॉल आला. सरांना सांगायला गेलो तेव्हा माझा चेहरा पडलेला होता. ते म्हणाले, "अरे, मी तुम्हाला एक दिवस स्टँडवर बसवलं. तुला तर सरकार जन्मभर बसवतंय. यापेक्षा मोठं प्रॅक्टिकल कोणतं?" मला ते तेव्हा सांत्वन वाटलं. पुढे ते खरं निघालं.

खिडकीत बसून मी शहरांच्या मोठेपणाचे बरेच नियम गोळा केले. पहिला नियम मला एका शेतकऱ्याने शिकवला. तो कंडक्टरला म्हणाला, "मुंबईचा एक द्या, आनि मुंबई आली की सांगा, उतरतो."

"मुंबईत कुठं उतरायचंय?"

"मुंबईत म्हंजे मुंबईत. तुमी आमच्या गावात आलाव तं आमी विचारतो का, गावात कुठं?"

कंडक्टर डोक्याला हात लावून माझ्याकडे आला. पण मी मनात टिपून ठेवलं. ज्या गावाचं नुसतं नाव सांगून उतरता येत नाही, ते मोठं शहर. सरांच्या व्याख्येच्या जवळपास जाणारी ही व्याख्या आहे, असं मला आजही वाटतं.

नियमात न बसणारी एक गोष्ट गणपतीच्या दिवसांतली. श्रावण लागला की पेणचं स्टँड ओळखू येत नाही. एरवी आमची माणसं कामाला बाहेर जातात, तेव्हा मात्र बाहेरची माणसं आमच्याकडे येतात, मूर्ती न्यायला. एक वर्ष एक गृहस्थ मांडीएवढी मूर्ती घेऊन गाडीत चढले. गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "कोणी सरकून जागा देईल, मूर्ती मांडीवर घ्या." गृहस्थ म्हणाले, "देव माझ्या मांडीवर? मी उभा राहतो, बाप्पा बसतील. दोन तिकिटं द्या."

"देवाचं तिकीट कसलं फाडू? फुल का हाफ?"

मागून कोणी ओरडलं, "पोट बघून फाड रे!" सगळी गाडी हसली. शेवटी खिडकीजवळच्या एका कॉलेजच्या मुलीने आपली जागा बाप्पाला दिली आणि ती आणि ते गृहस्थ दोघंही घाट चढेपर्यंत उभे गेले. तिकीट एकच फाडलं.

आता मुख्य हकिकतीकडे येतो.

आमच्या स्टँडच्या फाटकाशी हिराबाई सुकट आणि बोंबील घेऊन बसत. त्या खाडीकाठच्या एका गावच्या. नवरा लवकर गेला होता. एक मुलगी, सुनंदा. हिराबाईंचा आवाज असा, की माझा माइक बंद पडला तर मी त्यांना सांगत असे, "हिराबाई, रोहा लागली म्हणून सांगा जरा." आणि त्या बसल्या जागेवरून सगळ्या स्टँडला सांगत. मला त्या "कंट्रोलरदादा" म्हणत, वयाने माझ्या आईएवढ्या असूनही.

सुनंदा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करत असे. बाहेरच्यांसाठी सांगतो. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते, पण तोवर ती नुसती माती असते. शेवटी कुंचल्याच्या टोकाने डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. डोळा एका केसाने हलला तरी देव रागावलेला दिसतो किंवा झोपलेला. हे काम जमणारी माणसं थोडी, आणि बायका तर त्याहून थोड्या. सुनंदाच्या आखणीला कारखान्यात मान होता. मालक इतरांवर ओरडत, सुनंदाला मात्र "झालं का गो पोरी?" एवढंच विचारत.

त्या वर्षी सुनंदाला दोन स्थळं आली. एक अष्टमीचं. रोह्याच्या समोर, कुंडलिका नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की अष्टमी. मुलगा कंपनीत शिफ्टला जाणारा, शांत. दुसरं पुण्याचं. तोही कंपनीतच, चांगला मुलगा, कोणाला काही नाव ठेवायला जागा नाही. पुण्याचं स्थळ आणलं होतं सुनंदाच्या मोठ्या काकांनी, बाळारामशेठनी. शेठ असं सगळे म्हणत. होते ते मिठागरावरचे मुकादम. भाऊ गेल्यावर घर त्यांनीच सांभाळलं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं एकच, "पोरगी मोठ्या शहरात द्यायची. आपल्या घरातला कोन मोठ्या शहरात ऱ्हायला नाय. ती तरी ऱ्हाऊ दे."

हिराबाईंनी रीतीप्रमाणे अष्टमीची गाडी बघितली. सकाळी माझ्याकडून माहिती घेतली, सुकटीची टोपली शेजारणीकडे दिली आणि रोह्याच्या गाडीत बसल्या. मुद्दाम रोह्याच्या स्टँडपर्यंत गेल्या, तिथून पूल चालत ओलांडला, अष्टमीतलं मुलाचं घर लांबूनच बघितलं आणि दुसऱ्या गाडीने परत आल्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, "चांगला हाय. पुलावर वारा लय येतो, पन गाडी झकास. गाडी नाय भेटली तं आगगाडी पन हाय. लेक सकालची निघाली तं कारखान्यात येल, काम करल, आनि घरी जाऊन भाकरी भाजल."

"मग झालं की. पुण्याची गाडी बघायला कधी जाता?"

 त्यांनी सांगितलं, की बाळारामशेठनी गाडी बघायला जाऊ दिलं नाही. "पुन्यासारख्या शहराची गाडी बघायला जायची? लोक हसतील. ही बायकांची खुळं बंद करा."

पुढे हिराबाई जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "दादा, माझी आय मेली तवा मी दोन गावं पल्याड व्हते. पावसाचा, खाडी भरलेली, गाडी नाय. मी पोचले तं सारवून झाला व्हता. म्हनून मला मोठा शहर पायजे लेकीला. जिथून कदी पन निघाली तं गाडी भेटंल असा." मग खिडकीशी वाकून, "तू शिकलेला हायेस. तू रविवारी घरी ये नि शेठला सांग, का रोहा पन मोठा शहर हाय."

मी अडचणीत आलो. ज्या एका विषयात मला पदवी मिळाली होती, नेमका तोच विषय. म्हटलं, "हिराबाई, रोहा मोठं शहर नाही हो. तालुक्याचं गाव आहे ते."

"मला म्हाईत हाय. तू फक्त सांग."

"खोटं कसं सांगू?"

"रोज सांगतोस की, गाडी येतेय, गाडी येतेय!"

 रविवारी मी गेलो.

घरात ओटीवर चटई टाकली होती. बाळारामशेठ खांबाला टेकून बसले होते. तांबूस डोळे, मिठाने भेगाळलेले पाय, पण बसण्यात ऐट. हिराबाई चुलीजवळ होत्या आणि त्यांचा आवाज तिथून ओटीवर स्पष्ट ऐकू येत होता, म्हणजे नेहमीसारखाच. सुनंदा दारात उभी होती. तिच्या बोटांना अजून रंग होता.

"या कंट्रोलर," शेठ म्हणाले. "तुमी बी.ए. ना? मंग सांगा, पुना मोठा का रोहा?"

"पुणं."

"ऐकलास गो?" शेठ आतल्या बाजूला ओरडले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"पण शेठ," मी म्हटलं, "मोठं कशाने, ते बघायला पाहिजे ना?"

"कशानं म्हंजे? मी सांगतो. आमच्या पेणचा गनपती बघा. घरचा गनपती केवढा? एवढा. गावच्या मंडळाचा एवढा. आनि शहराचा? छताला टेकतो. जेवढा मोठा गनपती तेवढा मोठा शहर. यात बी.ए. लागतो का?"

मी विचारात पडलो. ही व्याख्या काही अगदीच वाईट नव्हती. एवढ्यात दारातून सुनंदा म्हणाली, "काका, मुंबईच्या मंडळाचे गनपती छताला टेकतात. पुन्याचे मानाचे गनपती केवढे, ठाऊक हाय का? मुंबईवाल्यांच्या मूर्तीच्या गुडघ्याला येतील. मग पुना बारका म्हनायचा का?"

चुलीजवळून हिराबाई मोठ्याने हसल्या. शेठ चमकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरा हाय का?"

"कारखान्यात ती असते, शेठ. मी नाही."

"मंग तुझा काय म्हनना हाय?" शेठनी सुनंदाला विचारलं. मला वाटतं, तोवर हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने बोटांवरचा रंग नखाने खरवडला. मग म्हणाली, "पोरगा कुठलाबी असू दे. दोघं पन बरेच हायेत. मला फक्त कारखान्यात येता आलं पायजे. डोळे काढायचे दिवस वर्षातून एकदाच येतात. त्या दिवसात मी पुन्यात बसले तं माझा हात जाईल. हात गेला का परत येत नाय."

एवढं बोलून ती आत गेली. शेठ दाराकडे बघत राहिले.  मी म्हटलं, "शेठ, मी खोटं बोलणार नाही. रोहा मोठं शहर नाही, पुणं आहे. माझे सर सांगायचे, जिथं लांबून माणसं येतात ते मोठं शहर. पुण्याला लांबलांबून माणसं येतात. पण आपल्याला बघायचंय ते उलटं. तिथून सुनंदा इथे येऊ शकते का, एवढंच. आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही. गाडी बघायला पाहिजे कोणीतरी."

"कोन जानार? हिरा?"

"हिराबाईंवर तुमचा विश्वास बसणार नाही."

आतून आवाज आला, "शेठनी सोताच जावं की! का घाट लागतो?"

हा टोमणा वर्मी बसला. बाळारामशेठ उभे राहिले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "घाट मला लागतो? परवा जातो. कंट्रोलर, मला गाडी लावून द्या."

परवा म्हणजे परवाच ते आले. डोक्याला नवी टोपी, हातात डबा. मी त्यांना पुण्याच्या गाडीत पुढची जागा दिली आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलं, की पाहुणे आहेत, जरा जपून. हिराबाई फाटकाशी बसून ओरडल्या, "लिंबू घेतलास का शेठ?" शेठनी मान फिरवली.

गाडी गेली आणि मला काही सुचेना. मी जे केलं ते बरं की वाईट, हे कळेना. पुणं मोठं आहेच. शेठना ते आवडलं, दोनचार उंच इमारती बघून ते भारावले, तर सुनंदाच्या हातातला कुंचला गेला आणि त्याला कारण माझं सरळ बोलणं.  त्या दिवशी मी दोनदा अलिबागची गाडी रोह्याची म्हणून पुकारली. दुसऱ्या वेळी हिराबाईंनीच फाटकावरून दुरुस्त केलं, "रोहा नाय, अलिबाग! कंट्रोलरदादाचा जीव पुन्याला गेलाय!"

शेठ दुसऱ्या दिवशी परतले. गाडीतून उतरले तेव्हा टोपी हातात होती आणि चेहरा भाताच्या पेजेसारखा. ड्रायव्हरने माझ्याकडे बघून हाताने घाटाची वळणं काढून दाखवली आणि हसला. शेठ बाकावर बसले. हिराबाईंनी पाण्याचा तांब्या आणि लिंबाची फोड पुढे केली. शेठनी ती फोड तोंडात धरली.

मग म्हणाले, "शहर मोठा हाय. खोटा नाय बोलनार. मानूस हरवंल असा मोठा."

हिराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"पोराचं घर बी चांगला हाय. पन स्टँडवरून तिकडं जायाला परत गाडी, मंग परत दुसरी गाडी. जेवढी पेणपासून पुन्याची वाट, तेवढीच पुन्याच्या स्टँडपासून पोराची."

"तेवढीच कशी असेल, शेठ?" मी म्हटलं.

"मला तेवढी वाटली!" ते म्हणाले. "पन ते जाऊ दे. तुमाला एक गोष्ट सांगतो कंट्रोलर." आणि ते एकदम ताठ बसले. चेहऱ्यावर रंग आला. "परतीच्या वक्ताला मी त्या एवढ्या मोठ्या स्टँडवर उभा. मानसंच मानसं. मी एकाला विचारला, पेणची गाडी कुठं लागंल? तो म्हनतो कसा, पेण? गनपतीचं पेण का? मी म्हटला, व्हय. त्यानं हात जोडलेन मला! मंग चहावाल्याला विचारला. तो पन म्हनतो, गनपतीचं पेण, आमच्या घरचा तिथलाच असतो. चहाचं पैसं घेतलं नाय त्यानं. एक बाई म्हनली, काय डोळे असतात हो तुमच्याकडच्या मूर्तीचे."

 मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कंट्रोलर, तुमचे सर काय म्हनले व्हते? जिथं लांबून मानसं येतात..."

"ते मोठं शहर."

"मंग पुन्याची मानसं येतात ना आमच्याकडं? देव न्यायला?"

"येतात."

"मुंबईची?"

"येतात."

"मंग बोला आता! मोठा शहर कुठला?"

माझ्या पदवीने मला दोन्ही बाजूंनी पकडलं होतं. लाखाचा आकडा माझ्या जिभेवर आला होता. पण सर तिथे असते तर त्यांनी याला निम्मे गुण नक्की दिले असते, कदाचित पूर्ण. मी म्हटलं, "श्रावणात तरी पेणच, शेठ."

"बास!" शेठनी टोपी डोक्यावर घातली. "ज्या गावात देवाचं डोळं उघडतात, तिथून पोरगी लांब न्यायची कशाला? अष्टमीची गाडी बघायला जातो मी. कधी हाय?"

"अरे देवा," हिराबाई म्हणाल्या. "मी बघून आलेय ना!"

"तू बघितलीस. मी नाय बघितली." आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "मधी घाट नाय ना?"

अष्टमीचं स्थळ ठरलं. पुण्याच्या मुलाकडे शेठ स्वतः नारळ घेऊन गेले, या वेळी पोटात लिंबू आणि डोक्यात विनवण्या घेऊन, आणि गोडीने नकार देऊन आले. लग्नात मला मुलीकडचा मानाचा टॉवेल-टोपी मिळाला. शेठनी ओळख करून दिली, "हे आमचे कंट्रोलर. बी.ए. हायेत, पन मानूस सरळ हाय."

पुढे माझी बदली रोह्याला झाली आणि मी तिथेच निवृत्त झालो. त्या काळात सरांना ही हकिकत सांगायला जायचं म्हणून मी खूपदा ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ, गणपती होऊ देत, दिवाळी होऊ दे. रोज दुसऱ्यांना वेळेवर गाडीत बसवणारा मी, त्यांच्याकडे जाणारी माझी गाडी मात्र चुकली. सर गेल्याचं मला पेणहून आलेल्या एका कंडक्टरने सांगितलं. ती एक खंत आहे. त्यांना केवढा आनंद झाला असता!

आता चौकशीच्या खिडकीवर फारसं कोणी येत नाही. लोक फोनमध्ये बघतात. गाडी बघायची रीतही गेली. बहुतेकांच्या दारात मोटारसायकल आहे. मला याचं वाईट वाटत नाही. भरली खाडी बायकांना अडवायची म्हणून ती रीत होती. कोणाचं अडू नये हेच बरं.

निवृत्तीच्या आधीचा श्रावण मात्र लक्षात आहे. रोह्याचं स्टँड, सकाळची वेळ. सुनंदा अष्टमीहून पूल ओलांडून चालत आली होती, डब्याची पिशवी एका हातात, कुंचल्यांची सुरळी दुसऱ्या हातात. इतकी वर्षं ती त्या दिवसांत रोज अशीच येई. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. हिराबाई तेव्हा तिच्याकडेच राहायला आल्या होत्या आणि मी कधी दिसलो तर विचारत, "काय रे दादा, रोहा मोठा झाला का नाय अजून?"

खिडकीशी एक तरुण जोडपं आलं. कोणा नातेवाइकाकडे रोह्याला आलेलं, पुण्याचं. मुलगा म्हणाला, "काका, पेणला मूर्ती बघायला जायचंय. मोठं शहर आहे का हो पेण? म्हणजे सापडेल ना आम्हाला?"

माझ्या डोक्यात लाख आणि दहा लाख, सर, बाळारामशेठ, मुंबईत उतरायला निघालेला तो शेतकरी, सगळे एकदम बोलू लागले. मी घसा साफ केला. पण मी काही बोलायच्या आत रांगेत मागे उभी असलेली सुनंदा पुढे झाली, त्या दोघांकडे बघून हसली आणि म्हणाली, "चला माझ्यासंगं. मी तिथंच चाललेय, डोळे काढायला."

मी माइक हातात घेतला आणि पेणची गाडी पुकारली.